वडिलांसोबत धबधबा पाहायचा आहे आणि त्याचे नीट छायाचित्रही काढायचे आहे

प्रश्न : मुलुंडची_खिडकी

नमस्कार. सप्टेंबरमध्ये एक दिवस काढून मुंबईजवळचा एखादा धबधबा पाहावा आणि त्याची बरी छायाचित्रे काढावीत, असा विचार आहे. सोबत माझे वडील असतील. त्यांनी सत्तरी ओलांडली आहे. एकेकाळी पेब, राजमाची, हरिश्चंद्रगड अशी भरपूर भटकंती त्यांनी केली आहे, पण आता गुडघ्यांमुळे तासाभराहून अधिक चाल झेपत नाही. ‘मी खाली चहा पीत बसतो, तू वर जाऊन ये’ हा त्यांचा तोडगा मला मान्य नाही, त्यामुळे वाट दोघांना जमेल अशीच हवी.

खारघरचा पांडवकडा, वांगणीचा भगीरथ आणि नेरळजवळचे जुम्मापट्टी ही नावे ऐकून आहे. पावसाळ्यात अशा ठिकाणी बंदी असते असेही दरवर्षी वर्तमानपत्रांत वाचतो, परंतु ती नेमकी कोठे व कधीपर्यंत असते याचा उलगडा होत नाही.

माझ्याकडे साधा डीएसएलआर, त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि एक हलका ट्रायपॉड आहे. फिल्टर एकही नाही. आवश्यक असल्यास एखादा घेईन. धबधब्याच्या छायाचित्रात पाणी नुसता पांढरा पट्टा होऊन जाते आणि भोवतीचा कातळ काळाठिक्कर पडतो, ते कसे टाळावे? आणि पाणी रेशमासारखे तलम दिसते ती छायाचित्रे दिवसाउजेडी कशी काढतात?

प्रतिसाद १ : कातळवाट

पांडवकड्याचा विचार सोडून द्या. वनखात्याने तेथे प्रवेशास मनाई केलेली आहे आणि तेथे बुडून झालेल्या मृत्यूंचा इतिहास पाहता ती मनाई योग्यच आहे.

आता बंदीविषयी. पावसाळ्याच्या तोंडावर किंवा ऐन पावसाळ्यात त्या-त्या जिल्ह्याचे जिल्हाधिकारी धबधबे, धरणे व तलाव यांच्या परिसरासाठी मनाई आदेश काढतात. पूर्वी हे आदेश फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात. आदेशात ठिकाणांची नावे, मुदत आणि नेमके काय करण्यास मनाई आहे हे लिहिलेले असते, आणि हे तपशील दरवर्षी सारखे नसतात. लोकांची गफलत होते ती जिल्ह्याच्या हद्दीबाबत. वांगणी आणि नेरळ यांच्यामध्ये रेल्वेचे एकच स्थानक आहे, परंतु वांगणी ठाणे जिल्ह्यात येते आणि नेरळ रायगडमध्ये. त्यामुळे एका ठिकाणचा आदेश वाचून दुसऱ्या ठिकाणी जाण्याचे ठरवणे चुकीचे ठरते. जाण्याच्या आदल्या दिवशी स्थानिक पोलीस ठाण्यात किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्यावे. बंदी असल्यास वाद न घालता दुसरे ठिकाण निवडावे. ‘आम्ही लांबूनच बघणार आहोत’ हे वाक्य त्या नाक्यावरच्या हवालदाराने सकाळपासून पुष्कळदा ऐकलेले असते.

बंदी नसेल तर तुमच्यासाठी वांगणीचा भगीरथ मला अधिक योग्य वाटतो. कर्जत किंवा खोपोली लोकल पकडावी. बदलापूर लोकल एक स्थानक अलीकडेच संपते. वांगणीहून बेडीसगावापर्यंत रिक्षा मिळते आणि त्यापुढे शेतांतून व ओढ्याच्या काठाने पायवाट आहे. वडिलांच्या हाती काठी द्या आणि चढण्यापेक्षा उतरण्यासाठी अधिक वेळ राखून ठेवा, कारण गुडघे खरे बोलू लागतात ते उतरताना.

ठिकाणापेक्षाही दिवस कोणता निवडता हे महत्त्वाचे आहे. माथेरानची डोंगररांग रुंदीला कमी आहे. माथ्यावर पडलेले पाणी फार अंतर न कापता कड्यावरून थेट खाली येते, म्हणून या पट्ट्यातील ओढे पाहता पाहता चढतात आणि पाऊस थांबल्यावर तितक्याच झपाट्याने ओसरतात. खाली ऊन असताना वरच्या पावसाने पाणी वाढू शकते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणामागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले, त्याचे चित्रीकरण अनेकांनी पाहिले असेल. प्रवाहाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसांना, पाणी वाढू लागल्यावर काठ गाठण्याइतकाही अवधी मिळाला नाही. पाणी एकाएकी गढूळ होणे, काड्या-पाने वाहून येऊ लागणे आणि आवाज जड होणे, यांपैकी एकही खूण दिसली तर सामान गोळा करत न बसता उंचावर जावे. ओढा ओलांडावा लागत असेल आणि पाणी गुडघ्याला लागत असेल, तर त्या दिवसाची भटकंती तेथेच संपली असे समजावे.

हवामान खात्याच्या परिभाषेत २४ तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार आणि त्यापुढे २०४.४ पर्यंत अतिमुसळधार. ऑरेंज किंवा रेड अलर्टच्या दिवशी तर जाऊच नये, पण त्याच्या दुसऱ्या दिवशीही मी टाळतो. पाण्याला तांबूस रंग असतो, तुषार इतके उडतात की कॅमेरा बाहेर काढता येत नाही आणि वाटेचा चिखल झालेला असतो. एक दिवस मध्ये जाऊ दिला की पाणी निवळते आणि प्रवाहही पुरेसा राहतो. सकाळी घर सोडण्यापूर्वी कुलाबा व वेरावली येथील डॉपलर रडारची चित्रे हवामान खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावीत. घाटाकडे सरकणारे ढग त्यांत स्पष्ट दिसतात. मुंबईतून पाऊस परतण्याची सर्वसाधारण तारीख ८ ऑक्टोबर आहे, तेव्हा सप्टेंबरच्या मध्यापर्यंत जाऊन आलेले बरे. आणि शनिवार-रविवार नको.

प्रतिसाद २ : तिसरा_पाय

छायाचित्रणापुरते लिहितो.

तुमच्या दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. पाणी शुभ्र आणि ओला कातळ काळा, यांच्या उजेडातील तफावत कॅमेऱ्याच्या आवाक्याबाहेर जाते, विशेषतः ऊन असताना. कॅमेरा काळ्या कातळाकडे पाहून उजेड वाढवतो आणि पाण्यातील बारकावे पुसले जातात. यावर पहिला उपाय म्हणजे ढगाळ दिवस. आभाळ भरलेले पण पाऊस नसलेला दिवस धबधब्यासाठी सर्वांत सोयीचा. दुसरा उपाय म्हणजे रॉ स्वरूपात, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ रूपात, छायाचित्र घेणे आणि एक्स्पोजर (चित्रासाठी आत घेतलेला उजेड) दोन तृतीयांश स्टॉपने कमी ठेवणे; एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होणे. कातळाचा अंधार नंतर संगणकावर उजळता येतो. पांढरे होऊन गेलेले पाणी परत आणता येत नाही. प्रत्येक छायाचित्रानंतर हिस्टोग्राम (चित्रातील काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या उजेडाचा आलेख) पाहावा आणि त्याची उजवी कड भिंतीला टेकलेली नाही याची खात्री करावी.

तलम पाण्यासाठी शटर साधारण पाव ते एक सेकंद उघडे राहायला हवे. आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि अॅपर्चर (लेन्सचे छिद्र) एफ ८ वर ढगाळ सकाळी १/६० सेकंद असे मोजमाप आले असे धरू. तेथून अर्ध्या सेकंदापर्यंत जायचे तर १/३०, १/१५, १/८, १/४, १/२ असे पाच स्टॉप कमी करावे लागतात. अॅपर्चर एफ २२ पर्यंत मिटून हे साधता येईल असे वाटते, पण त्याने तीनच स्टॉप मिळतात आणि विवर्तनामुळे (अरुंद छिद्रातून जाताना उजेड पसरल्यामुळे) सगळेच चित्र मऊ पडते. एफ ११ च्या पुढे मी जात नाही.

त्यामुळे फिल्टर घ्यावा लागेल, आणि एकच घ्यायचा तर एनडी (केवळ उजेड कमी करणारी गडद काच) घेण्याआधी पोलरायझर घ्या. तो एक ते दोन स्टॉप उजेड खातोच, पण त्याचे खरे काम वेगळे आहे. ओल्या कातळावर आणि पानांवर आभाळाची जी पांढरी चकाकी साचते, ती फिल्टर फिरवताना डोळ्यांदेखत नाहीशी होते. शेवाळाचा हिरवा आणि कातळाचा करडा रंग वर येतो. हा परिणाम संगणकावर नंतर आणता येत नाही. पुढे वाटले तर तीन स्टॉपचा एनडी ८ घ्या. दोन्ही एकावर एक लावले की सुमारे साडेचार स्टॉप होतात आणि वरच्या उदाहरणातील १/६० चे जवळपास १/३ सेकंद होते. १८ मिलिमीटरवर मात्र दोन फिल्टरांच्या कडा चौकटीच्या कोपऱ्यांत दिसू शकतात, तेव्हा थोडे आत, २४ च्या आसपास यावे. खरेदीपूर्वी लेन्सच्या कडेवर लिहिलेला व्यास पाहून घ्या.

हलक्या ट्रायपॉडविषयी. मधला दांडा वर काढू नका आणि पाय वाहत्या पाण्यात रोवू नका, कारण प्रवाहाची थरथर पायांतून थेट कॅमेऱ्यात चढते. बॅग मधल्या आकड्याला अशी टांगा की ती जमिनीला जेमतेम टेकेल. लोंबकळत ठेवल्यास वाऱ्याने हलते. फोकस एकदा साधला की ऑटोफोकस बंद करा, लेन्सवरील स्थिरीकरणाची कळही बंद करा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा.

आता उभे कोठे राहायचे. नवखा माणूस कुंडाच्या जितके जवळ जाता येईल तितके जातो. तेथे तुषारांनी लेन्स भिजते, धबधबा चौकटीत मावत नाही आणि शेवाळाच्या खडकावर पायही ठरत नाही. प्रवाहाच्या खालच्या अंगाला, काठावर, तीस-चाळीस पावले मागे आलात तर ओढ्याचे वळण, मधले खडक, काठावरचा तेरडा आणि मागे धबधबा असे सगळे एका चौकटीत बसते. सह्याद्रीत लाव्हाचे थर एकावर एक आडवे साचलेले आहेत. कठीण थराचा उभा कडा होतो आणि मऊ थर झिजून त्याची पायरी होते, म्हणून आपल्याकडचे धबधबे बहुधा टप्प्याटप्प्याने उतरतात. ते टप्पे मागूनच दिसतात. शिवाय मागे राहिल्याने तुमचे वडील जेथे बसले असतील तेथूनच तुम्हाला काम करता येईल.

एक बाब सहसा कोणी लक्षात घेत नाही. वांगणी-नेरळ पट्ट्यातील बहुतेक धबधबे माथेरान रांगेच्या पूर्व उतारावर आहेत. म्हणजे ऊन असेलच तर ते सकाळी त्यांच्या अंगावर येते आणि दुपारनंतर ते डोंगराच्या सावलीत जातात. दोन्हींचा उपयोग होतो. दुपारच्या सावलीत फिल्टर नसतानाही शटर लांबवता येते. सकाळी ऊन पाठीशी घेऊन उभे राहिल्यास तुषारांत इंद्रधनुष्य दिसण्याची शक्यता असते. ते सूर्याच्या नेमक्या विरुद्ध बिंदूपासून सुमारे ४२ अंशांवर उमटते, त्यामुळे सूर्य त्याहून वर चढला की डोळ्यांच्या पातळीवर किंवा वर ते दिसत नाही. सप्टेंबरच्या उत्तरार्धात मुंबईच्या अक्षांशावर सूर्य सकाळी साडेनऊच्या सुमारास ४२ अंश गाठतो. पहिल्या लोकलने निघण्याला एवढे कारण पुरेसे आहे. मात्र इंद्रधनुष्य टिपताना पोलरायझर जपून फिरवा, तो त्याचे रंगही पुसून टाकू शकतो.

प्रतिसाद ३ : साध्या_नजरेने

वरील प्रतिसाद उत्तम आहे, परंतु तलम पाण्याचा हा सोस मला पटत नाही. सप्टेंबरमधील बारीक धारेला अर्धा सेकंद शोभतो. पण प्रवाह भरलेला असताना तेवढेच शटर ठेवले तर धबधब्याच्या जागी धुतलेले धोतर वाळत घातल्यासारखे दिसते. पाण्याचा भार, त्याचे फुटणे, कातळावर आपटून उडणे हे सारे त्यात हरवते. १/१५ ते १/८ सेकंदांत पाण्याला ओढ दिसते आणि धारांचा पोतही टिकतो. कधी १/१००० ठेवून नुसते तुषार टिपून पाहा. उन्हाविरुद्ध एकेक थेंब वेगळा दिसतो आणि त्यासाठी ट्रायपॉडही लागत नाही. एकाच जागेवरून तीन-चार वेगवेगळ्या गतींनी छायाचित्रे घ्यावीत आणि घरी मोठ्या पडद्यावर निवड करावी.

वडिलांकडे आयफोन असल्यास त्यांना लाइव्ह फोटो काढायला सांगा. नंतर त्याच छायाचित्राला लाँग एक्स्पोजर हा परिणाम देता येतो. हात स्थिर असेल तर निकाल बरा येतो, आणि दोघांनाही काम मिळते. चौकटीत माणूस असावा असे वाटले तर त्यांनाच रंगीत छत्री देऊन काठावर बसवा. धबधब्याची उंची माणसावाचून कळत नाही.

प्रतिसाद ४ : बोरिवली_पूर्व

नेमका त्याच दिवशी मनाई आदेश असला तर काय, याचे उत्तर शहरातच आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातील कान्हेरी लेण्यांच्या मधून जो ओढा वाहतो, त्यावर पावसाळ्यात लहान-मोठे धबधबे तयार होतात. उंची फार नाही, पण शंभराहून अधिक लेणी, कातळात कोरलेल्या पायऱ्या, पाणी साठवण्यासाठी खोदलेल्या पोढी आणि त्यांवरून वाहणारे पाणी, असा विषय कर्जतच्या वाटेवर मिळणार नाही. प्रवेशद्वारापासून लेण्यांपर्यंत वाहनाची सोय असते, त्यामुळे वडिलांचे चालणे त्यांच्या मर्जीवर राहील. लेणी सोमवारी बंद असतात.

अडचण एकच. हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे आणि अशा स्मारकांत ट्रायपॉड वापरायचा तर आगाऊ परवानगी घ्यावी लागते. मी कापडी पिशवीत अर्धा किलो हरभरे भरून नेतो. ती कठड्यावर किंवा खडकावर ठेवून त्यात कॅमेरा दाबून बसवला की पाव सेकंदापर्यंतची छायाचित्रे स्वच्छ येतात. ड्रोनचा विचार कोणाच्या मनात असेल तर राष्ट्रीय उद्यानात तो परवानगीवाचून उडवता येत नाही.

प्रतिसाद ५ : वांगणीकर

आमच्या भागाची चर्चा चालली आहे म्हणून थोडे लिहितो. सप्टेंबरमध्ये भात पोटरीला आलेले असते. वाट बांधावरून जाते तेथे एकामागून एक चाला; बोलत बोलत शेजारी-शेजारी चालले की एकाचा पाय खाचरात पडतो. बांध फुटला की पाणी वाहून जाते, आणि ते पुन्हा अडवायला शेतकऱ्याचा अर्धा दिवस मोडतो. शेतात काम करणाऱ्या बायकांची किंवा ओढ्यात खेकडे पकडणाऱ्या मुलांची छायाचित्रे विचारल्याशिवाय काढू नयेत. विचारलेत तर बहुतेक जण हसून हो म्हणतात.

वाडीतील एखाद्या माहितगार माणसाला सोबत घ्या आणि त्याचे पैसे आधीच ठरवा. वडील बरोबर आहेत म्हणून हे आवर्जून सांगतो. कालच्या पावसाने कोणती वाट घसरली आहे, ओढा आज कोठून ओलांडायचा किंवा मुळीच ओलांडायचा नाही, हे त्याला घरात बसून कळते. त्याने ‘आज नको’ म्हटले तर परत फिरा. रिक्षावाल्याचा क्रमांक उतरतानाच घेऊन ठेवा, कारण दुपारनंतर परतीची रिक्षा सहज मिळत नाही. धबधब्याजवळ मोबाइलला संपर्क मिळेलच असे नाही, म्हणून किती वाजेपर्यंत परत येणार हे घरी सांगून निघा. अडचण आल्यास संपर्क मिळताच ११२ वर फोन करावा. खोल खाचा असलेल्या रबरी तळाचे बूट हवेत. गुळगुळीत झालेले जुने स्पोर्ट्स शूज शेवाळावर हमखास दगा देतात.

मुलुंडची_खिडकी

सर्वांचे मनापासून आभार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातील एखादा बुधवार किंवा गुरुवार ठरवतो, आदल्या दिवशी पोलीस ठाण्यात चौकशी करतो, आणि बंदी असल्यास कान्हेरीला जातो. वडिलांना हे सारे वाचून दाखवले. हरभऱ्यांची पिशवी त्यांना विशेष पसंत पडली आणि आईने ती शिवायलाही घेतली आहे. पोलरायझर तेवढा घेईन, एनडीचे नंतर पाहू.

एक शेवटची शंका. अशा हवेत लेन्सच्या आत धुके बसते आणि पुढे बुरशी धरते असे ऐकले आहे. त्याची काळजी कशी घ्यावी? परत आल्यावर कॅमेरा तांदळाच्या डब्यात ठेवावा का?

तिसरा_पाय

तांदळात ठेवू नका. त्याची भुकटी लेन्सच्या कड्यांत शिरते आणि ओलावाही तो फारसा शोषत नाही. ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या आणि घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा एवढे पुरते. जेलचे रंगीत दाणे असतील तर रंग बदलल्यावर ते सौम्य आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. मात्र डब्यात बंद करण्याआधी कॅमेरा व लेन्स कोरड्या कापडाने पुसून तासभर पंख्याखाली ठेवा. ओली बॅग वेगळी वाळवा. बुरशी बहुधा तेथूनच सुरू होते, आणि लोक कॅमेरा पुसून त्याच ओल्या बॅगेत पुन्हा ठेवतात.

धुके बसते ते थंड काचेवर दमट हवा लागली की. वातानुकूलित डब्यातून किंवा गाडीतून उतरल्यावर बॅग उघडण्याची घाई करू नका. पंधरा-वीस मिनिटे ती तशीच बंद राहू द्या, म्हणजे आतील सामान बाहेरच्या तापमानाला येते. तुम्हाला बेडीसगावापर्यंत रिक्षाने जायचेच आहे, तेवढा वेळ पुरेल. धबधब्यापाशी लेन्स बदलू नका. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना दोन छायाचित्रांच्या मध्ये लेन्सवर टोपण लावा आणि मायक्रोफायबरची किमान दोन फडकी न्या, कारण पहिले अर्ध्या तासात ओले होते. दुसरे वडिलांच्या खिशात राहू द्या.